वत्सला नावाची मालकीण

समुद्रपूरच्या मुलींच्या शाळेत वत्सलाबाईंनी किती पोरींना नावं दिली याची मोजदाद कुणी ठेवली नाही. स्वतःचं नाव मात्र त्यांनी एकीलाही दिलं नाही. मागितलं तरी दिलं नाही. हात जोडून मागितलं तरी नाही.

आता नावं देणं हे हेडमास्तरीण बाईंचं काम कसं, असं कुणी विचारील. त्याचं असं की त्या काळात आमच्याकडे पोरी शाळेत यायच्या त्या निम्म्याशिम्म्या बिननावाच्या. बारसं झालेलं असे. आत्यानं कानात कुर्र करून काहीतरी सांगितलेलंही असे. पण ते नाव आत्यासकट सगळे विसरलेले असत आणि घरात पोरगी पोट्टी, बेबी नाहीतर बाळी म्हणून सहा वर्षांची होई. मग जून महिन्यात आई तिला पुढे ढकलून म्हणे, "टाकून द्या ना बाई एखादं चांगलं नाव." बाई खुर्चीवर ताठ बसलेल्या. पुढ्यात दाखल्याचं रजिस्टर. त्या टाक दौतीत बुडवायच्या, दोनदा झटकायच्या, पोरीकडे असं निरखून बघायच्या की पोरगी आईच्या पदरात शिरायची. आणि मग एक नाव रजिस्टरात उमटे. विमल, कुसुम, शांता, लीला. त्या नावानंच पुढे ती पोरगी चौथी पास होई, सासरी जाई, आणि आपलं नाव ब्रह्मदेवानं दिलं असं समजे.

मी त्या शाळेत दुसरी शिक्षिका. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती, मला बावीस. रजिस्टरावर टिपकागद दाबण्याचा मान माझा. त्यामुळे हे सगळं नाटक मी पहिल्या रांगेतून पाहिलेलं आहे.

एकदा कापूस अडत्याची बायको आली. लेकीच्या गळ्यात चांदीची साखळी, अंगात रेशमी झंपर.

"बाई, इचं नाव वत्सला लिवा."

"ते खर्ची पडलंय," बाई म्हणाल्या.

"खर्ची पडलं म्हंजे?"

"म्हणजे संपलं. दुसरं सांगा."

"काऊन वो बाई? नाव का तांदूळ हाय संपाले?"

बाईंनी टाक खाली ठेवला. "या शाळेत एक वत्सला आहे. ती तुमच्यासमोर बसली आहे. दुसरी मावत नाही."

ती बाई फणफणत गेली आणि लेकीला नलिनी करून परत आली. पुढे गावभर सांगत सुटली की हेडमास्तरीण बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. परिणाम वगैरे काही नव्हता. हेवा होता. शुद्ध, सोवळ्यातला, रोज घासूनपुसून लख्ख ठेवलेला हेवा.

त्यांच्या मते त्या नावावर त्यांचा हक्कच होता, आणि तो त्या मधल्या सुट्टीत भाकरीचा तुकडा मोडता मोडता मला समजावून सांगत. "वत्स म्हणजे वासरू, अनसूयाबाई. वासरू दिसल्याबरोबर जिला पान्हा फुटतो, जी त्याला चाटत सुटते, ती वत्सला. बघा, केवढा अर्थ आहे! नाहीतर आमच्या गावातली नावं. गया, भागी, तुळसा. एक तर तीर्थ नाहीतर झाड." त्यांच्या वडिलांची पोस्टात नोकरी होती. वर्ध्याला बदलीवर असताना तिथल्या कुण्या तारमास्तराच्या घरी त्यांनी हे नाव ऐकलं, आणि लोक लेकीसाठी परकर-पोलकं आणतात तसं ते नाव घेऊन गावी आले. हिंगणघाटच्या त्या अंगाला तोवर कुणी वत्सला नव्हती, असं बाईंचं म्हणणं. मी कधी शोध केला नाही. करण्याची माझी छाती नव्हती.

पण घोटाळा पुढेच झाला. नाव लोकांना आवडलं. त्यातच एका चातुर्मासात कुणी कीर्तनकारबुवा आले, त्यांनी आख्यानात ते नाव असं काही गोड आळवलं की त्या साली गावात जन्मलेल्या सहा मुलींपैकी चार वत्सला निघाल्या. बाई तेव्हा सात वर्षांच्या. त्या चारही बारशांना त्या आईबरोबर गेल्या आणि चारही ठिकाणी घुगऱ्या न खाता परत आल्या.

"आणि धड म्हणतही नसत हो कुणी," बाई सांगत. "वच्छला! वच्छी! माझ्या नावाचं पार चिपाड करून टाकलं." पंचवीस-तीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला, पण सांगताना त्यांच्या नाकपुड्या अशा फुगत की घुगऱ्या जणू आजच वाटल्या असाव्यात.

"मग माझ्या नावाचा अर्थ काय, बाई?" मी एकदा विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अनसूया. जिला दुसऱ्याचं बरं बघून जळफळाट होत नाही ती." मग डबा बंद करत म्हणाल्या, "तुमच्यावर अगदीच वाया गेलंय."

खरं होतं. मी जळत होते. त्यांच्या अक्षराला जळत होते, त्यांच्या धाकाला जळत होते, आणि सगळ्यात जास्त याला की स्वतःच्या नावावर माणूस इतकं प्रेम करू शकतं. माझं नाव माझ्या अंगावर चुलतबहिणीच्या जुन्या झंपरासारखं आलेलं होतं. चार अनसूया आमच्याच घराण्यात होत्या.

बाईंच्या हेव्याचं मूळ मला कळलं ते फार उशिरा, आणि तेही त्यांच्या तोंडून गंमत म्हणून. बाराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. सासर वर्धा नदीच्या काठचं, घर मोठं. तिथे थोरली जाऊ आधीच वत्सला. एका घरात दोन वत्सला कशा चालतील? सासूनं ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव कोरलं, साखर वाटली, आणि मांडवात गेलेली वत्सला घरात शिरली ती द्वारका होऊन.

द्वारकेनं एकच केलं. हाकेला ओ दिली नाही. भांडली नाही, रडली नाही. नुसती ओ दिली नाही.

"दारकेऽऽ म्हणून सासू ओरडायची. मी चुलीपुढे शांत. ते नाव माझं नव्हतंच तर मी का उठू? खुशाल बोलवा तुमच्या द्वारकेला, येईल ती तेव्हा येईल. पंधरा दिवसांनी सासू सासऱ्यांना म्हणाली, 'फसवलं वो आपल्याले. पोरगी बहिरी हाय. बोलावून बोलावून माह्यं नरडं बसलं, वळूनही पाहत नाई.' मग वैद्य आला. रोज सकाळी मला आडवं पाडून कानात लसणाचं कढत तेल. दोन वर्षं! दोन वर्षं मी तेल घालून घेतलं, पण ओ दिली नाही."

हे सांगताना त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मीही हसले. मग त्यांनी पदर नीट केला. तिसऱ्या वर्षी नवरा तापानं गेला. वडील येऊन लेकीला घेऊन गेले. "जाताना डोरलं काढून दिलं, पाटल्या दिल्या, लुगडी दिली. सगळं त्यांचं होतं ते त्यांना दिलं. माझं नाव मी घेऊन आले." पुढे ट्रेनिंगच्या शाळेचा फॉर्म भरताना वडिलांनी सासरच्या रिवाजानं द्वारका लिहिलं, तर यांनी ते खोडून वर वत्सला लिहिलं. वडिलांच्या हातातला कागद ओढून घेण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ, असं म्हणाल्या.

एवढ्या लढाईनं मिळवलेलं नाव. आणि त्या शाळेत एका जुलैत, मोटारीतून उतरून, हातात ट्रंक आणि कोपरावर छत्री लटकवून, दुसरी वत्सला येऊन उभी राहिली.

वय एकोणीस. वर्ध्याजवळच्या पिपरीची. गोरी, लांब शेपटा, गाणं गोड. नेमणुकीचा कागद बाईंनी वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"दुसरं काही नाव आहे का तुम्हाला?"

"नाई जी बाई. एकच हाय," ती हसून म्हणाली. तिथेच तिनं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

त्यानंतरचे आठ महिने मी जे पाहिलं त्याला तिकीट लावायला हवं होतं. बाईंनी हुकूम काढला की नव्या बाईंना सर्वांनी 'पिपरीच्या बाई' म्हणावं. पोरींनी 'छोट्या वत्सलाबाई' चालू केलं. छोट्या आल्या की मोठ्या आल्याच. त्यामुळे हेडमास्तरीण बाई एका रात्रीत 'मोठ्या बाई' झाल्या आणि त्यांचं नाव पोरींच्या तोंडून गळालंच. जे नाव त्यांनी कुणाला दिलं नाही ते त्यांच्या डोळ्यांदेखत दुसरीला मिळालं. छोटीच्या टेबलावर पोरी गुलबक्षीची फुलं ठेवत. मोठ्या बाई वर्गाच्या दारातून जाताना ती फुलं मोजत. मला विचारत, "आज किती?" मी मुद्दाम दोन जास्त सांगत असे. माझ्यात वाईटपणा पुष्कळ आहे.

मग ते पत्र आलं. पोस्टमनच्या हातून पाकीट सरळ मोठ्या बाईंच्या टेबलावर. वर लिहिलेलं: 'वत्सलाबाई, मुलींची शाळा, समुद्रपूर'. आडनाव लिहिण्याचा आळस. मधली सुट्टी होती. बाईंनी पाकीट फोडलं, चष्मा चढवला आणि वाचायला लागल्या. मी समोर पेरू कापत होते. वाचता वाचता त्यांचा चेहरा असा काही झाला की माझ्या हातातली सुरी थांबली.

"कुणाचं आहे?"

त्या पत्र शेवटपर्यंत वाचत राहिल्या. पहिल्याच ओळीत कळायला हवं होतं आपलं नाही म्हणून. 'प्रिय वत्सला' अशी सुरुवात होती. लिहिणारा होता नागपूरला कचेरीत कारकून असलेला, छोटीबरोबर लग्न ठरलेला मुलगा. आणि त्यानं चार पानं लिहिली होती.

"दुसऱ्याचं पत्र वाचलंत तुम्ही?" मी आनंदानं किंचाळलेच.

"माझ्या नावावर आलेलं पत्र मी वाचलं," त्या म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा कडकपणा नव्हता. पहिल्या पानावरच्या त्या दोन शब्दांवर त्यांचा अंगठा होता. चाळिशी आलेल्या बाईला तसं कुणी कधी लिहिलेलं नव्हतं. आज लिहिलं होतं, पण दुसरीला.

मग त्या एकदम सावरल्या. "ऐका. तिसऱ्या पानावर आहे. 'आमच्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत आहे. आईनं सुनंदा हे नाव ठरवलं आहे. वत्सला आता जुनं वाटतं, असं ती म्हणते.'" त्यांनी पत्राची घडी केली आणि चेहऱ्यावर सावकाश, दिवाळीच्या पणतीसारखं हसू उजळलं. "अनसूयाबाई, फाल्गुनानंतर या शाळेत एकच वत्सला."

माझ्या डब्यातलं भाताचं शीत घेऊन पाकीट पुन्हा चिकटवलं गेलं. ते छोटीला पोचलं. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे थोडे लाल होते. पण मोठ्या बाईंसमोर ती सहज बोलल्यासारखं करून म्हणाली, "बाई, आता तुमाले तरास नाई. माह्यं नाव बदलून राह्यलं. सुनंदा ठेवतेत."

मला वाटलं, बाई पेढे वाटतील. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"नाई म्हनून कसं चालंल, बाई? त्यायची रीत हाय."

त्या दिवशी एका पोरीला त्यांनी विनाकारण छडी मारली आणि नंतर तिला बोलावून गुळाचा खडा दिला. जिंकलेल्या माणसाचा तो दिवस नव्हता.

लग्न पिपरीला. आम्ही दोघी मोटारीनं गेलो. बाईंनी जांभळ्या काठाचं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. मांडवात पहिल्या ओळीत बसल्या. अक्षता झाल्या, जेवणाच्या पंगती उठल्या, आणि मुलाकडच्यांची रीत म्हणून मांडवातच ताट आलं. तांदूळ पसरले. नवऱ्या मुलानं अंगठी काढली. पोरगं देखणं होतं, घामेजलेलं. त्यानं 'सु' कोरला.

"थांबा!"

सगळा मांडव वळला. बाई उभ्या होत्या. वर्गात पाढे थांबवायच्या तशा.

"सुनंदा नावाच्या कुणा शिक्षिकेला मी ओळखत नाही. हिचं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट वत्सला नावाचं. नेमणुकीचा कागद वत्सला नावाचा. सोमवारी शाळेत सुनंदा आली तर मी तिला दारातून परत पाठवीन. नोकरी गेली म्हणून मग माझ्याकडे यायचं नाही."

हे सगळं ठोकून दिलेलं होतं. लग्नानंतर नाव बदललेल्या शेकडो शिक्षिका तेव्हा सुखानं नोकऱ्या करत होत्या, आणि हे बाईंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण त्या असं बोलल्या की मलाही क्षणभर खरं वाटलं. मुलाच्या वडिलांनी मुलाकडे पाहिलं. नोकरीवाली सून म्हणून तर ही पोरगी केली होती.

मुलाची आई उसळली. "अशी कशी वो तुम्ही बाई? आमच्या घरची रीत हाय. तुमाले काय ठावं?"

"रीत?" बाई म्हणाल्या. "रीत मला पुष्कळ ठावी आहे. तिच्यापायी दोन वर्षं कानात कढत तेल घालून घेतलंय मी."

कुणालाच काही कळलं नाही. आणि नवरीनं मान वर केली. मुंडावळ्यांतून तिचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "मले माह्यंच नाव पाह्यजे."

नवऱ्यानं आईकडे पाहिलं नाही. तळहातानं तांदूळ सपाट केले आणि त्यावर सावकाश चार पानांच्या पत्रातल्या त्याच अक्षरात 'वत्सला' लिहिलं.

परतीच्या मोटारीत मी भारावून गेले होते. म्हटलं, "बाई, केवढं मोठं मन तुमचं!"

"कसलं मन?" त्या खिडकीबाहेर बघत भडकल्या. "आता जन्मभर दोन वत्सला शाळेत. माझ्याच तोंडानं करून बसले. फुलं मोजत बसा आता."

"मग का उठलात?"

मोटार सेलूकाटे गावापाशी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ती सासू माझ्या नावाला जुनं म्हणाली." आणि थोड्या वेळानं, "आणि नाव कुणी असं ताटात घालून काढून घ्यायचं नाही. माझं असो, तिचं असो."

छोटीबरोबर पुढचे आठ दिवस त्या बोलल्या नाहीत. छोटी पाया पडायला आली तर म्हणाल्या, "तास सुरू झालाय."

मग वर्षं गेली. पण छोटीच्या सासूबाईंच्या तोंडून निघालेला तो 'जुनं' शब्द खोटा नव्हता. जूनमध्ये आता निराळ्या आया येत. सुनीता लिहा, अनिता लिहा, माया लिहा. नागपूरला जाऊन सिनेमा बघून आलेल्या नावांची रांगच लागली. कुसुम, विमल मागे पडल्या. वत्सला कुणी मागेनासं झालं. बाईंनी ते पहिल्या वर्षी विजय म्हणून मिरवलं. दुसऱ्या वर्षी कुणी मागतं का म्हणून थोडं थांबून बघू लागल्या. मला दिसत होतं. तिसऱ्या वर्षी त्यांचं निवृत्तीचं पत्र आलं.

त्यांचा शेवटचा जून. गिरडच्या जंगलाच्या अंगाकडून एक गोंड बाई लेकीला घेऊन आली. मोहाची फुलं वेचून, तेंदूपानं बांधून राबणारी, उन्हानं रापलेली. पोरगी सहा-सात वर्षांची, डोळे टपोरे. बाईंचा एक नेम होता: ज्या पोरीला घरचं नाव असेल ते त्या कधी बदलत नसत. म्हणून विचारलं, "घरी काय म्हणता?"

त्या बाईनं त्यांच्या बोलीतलं काहीतरी सांगितलं. गोड होतं. मग लगेच म्हणाली, "पन ते घरचं हाय, बाई. ते घरीच राहू द्या. शाळेचं येगळं द्या."

बाईंनी मान हलवली. टाक बुडवला, दोनदा झटकला. पोरीकडे पाहिलं. आणि टाक तसाच हवेत राहिला.

"वत्सला लिहू?" त्या म्हणाल्या.

माझ्या हातातला टिपकागद खाली पडला.

"वच्छला?" ती बाई जरा संकोचली. "आमी राबतो त्या मालकाच्या म्हातारीचं हाय ते नाव."

"अर्थ फार चांगला आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. काहीतरी विकायला बसलेल्या माणसासारखा. "वासराला बघून गाईला पान्हा फुटतो ना, ती माया. ती ज्या बाईत असते ती वत्सला."

त्या बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. गाय तिलाही माहीत होती. मग ती हलक्या आवाजात, कुणाला दुखवू नये असं म्हणाली, "चांगलं हाय, बाई. लय चांगलं हाय. पन सुनीता टाका."

बाईंनी सुनीता लिहिलं. नेहमीसारखंच, एकेक अक्षर मोत्यासारखं, वेलांटीला कुठेही थरथर नाही.

ती बाई लेकीचा हात धरून दारापर्यंत गेली आणि थांबली. "अन् बाई, तुमचं नाव काय जी? घरचे पुसतीन, कोनं नाव देल्लं म्हनून."

मी बाईंकडे पाहिलं. हा प्रश्न आला की त्या ताठ होत, आणि तीनही अक्षरं सुटी सुटी करून सांगत. माझ्याच तोंडात ते नाव आलं होतं. मी ते गिळलं.

"मोठी बाई म्हना मले," त्या म्हणाल्या, तिच्याच बोलीत. आणि रजिस्टराचं पान न उलटता, ओल्या शाईकडे बघत बसल्या.